हिशेब करताना मान हलते, बोटं चालतात: हे थांबवावं का?

ताई, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकत्र आलेत, म्हणून मला ते जसे समजले तसे आधी मांडते. लेक तिसरीत, आठ वर्षांची, मराठी माध्यमात. एक ते शंभर घडाघडा म्हणते. पण मध्येच "अडतीसच्या आधी काय येतं?" असं विचारलं की अडखळते आणि तिसापासून पुन्हा मोजत वर येते. सदतीस म्हटलं की बरेचदा ७३ लिहिते. हिशेब करताना बोटं मोजते, मान डावी-उजवीकडे हलवते, कधी हवेत बोटानं रेघ ओढते. शाळेतून निरोप आलाय की आता तिसरीत आली, बोटं बंद करा, स्थिर बसून गणित करायची सवय लावा. तुम्हाला विचारायचंय की बोटं बंद करावीत का, मान हलणं हे काही दुखण्याचं लक्षण आहे का, आणि अबॅकसचा, म्हणजे मणी सरकवून हिशेब करायच्या चौकटीचा, क्लास लावावा का.

आधी थेट उत्तरं देते. बोटं बंद करू नका. मान फक्त हिशेब करतानाच हलत असेल, तर त्यात काळजीचं काही नाही. अबॅकस सध्या नको. आता असं का म्हणते ते सांगते, कारण कारण कळलं तरच तुम्ही शाळेत जाऊन ठामपणे बोलू शकाल.

मी गणितात मागे पडणाऱ्या प्राथमिक वर्गांतल्या मुलांबरोबर काम करते. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, तुमच्या लेकीला मोजता येतं, पण अंकांची जागा माहीत नाही. एक ते शंभर तिच्याकडे आवाजाच्या रूपात आहेत. तोंडपाठ कवितेतली मधलीच एक ओळ सांगून "हिच्या आधीची कुठली?" असं कुणी विचारलं, तर आपणही वरून म्हणतच खाली येतो, तिचं अंकांच्या बाबतीत तेच होतंय. ज्याला अडतीस कुठे आहे हे माहीत असतं, म्हणजे चाळिसाच्या किंचित अलीकडे, तिसापासून बराच पुढे, शंभराच्या अर्ध्याच्याही आत, त्याला मोजत यावं लागत नाही. तो त्या जागेवर जातो आणि एक पाऊल मागे येतो.

"जागेवर जातो" असं मी मुद्दाम म्हणते आहे. माणसाचं मन अंकांना खरोखरच जागा देतं, यावर शंभरहून अधिक वर्षं अभ्यास चाललाय. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं १८८० मध्ये लिहून ठेवलं की काही माणसांना अंकांचा विचार करताच डोळ्यांपुढे एक ठरावीक आकृती दिसते. कुणाला सरळ रेघ दिसते, कुणाला वळणं घेत जाणारी वाट, कुणाला पहिले बारा अंक घड्याळासारखे गोल आणि पुढे रस्ता. तुमची मुलगी म्हणाली ना, "आकडे जिन्यासारखे वर जातात"? ते ऐकून तुम्ही घाबरलात, पण मला ते वाक्य वाचून बरं वाटलं. आकड्यांना जागा द्यायचा प्रयत्न ती स्वतःहून करते आहे. तिला हवी आहे ती नीट आखलेली, सारख्या पायऱ्यांची जागा.

ज्यांना अशी आकृती दिसत नाही, त्यांच्याही मनात हे नातं असतं. मेंदू आणि अंक यांचा अभ्यास करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ स्टानिस्लास देहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर अंक दिसतो. तो सम आहे की विषम एवढंच बटण दाबून सांगायचं. अंक लहान की मोठा याच्याशी प्रश्नाचा काही संबंध नाही. तरीही लहान अंकांना लोकांचा डावा हात लवकर उत्तर देतो आणि मोठ्या अंकांना उजवा. फरक सेकंदाच्या काही शतांशांचा, पण तो पुन्हा पुन्हा दिसतो. हे सगळीकडे सारखं नाही. २००९ मध्ये शाकी, फिशर आणि पेट्रुसिक यांनी तीन गटांची तुलना केली. शब्द आणि अंक दोन्ही डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या कॅनडातल्या लोकांमध्ये लहान अंक डावीकडे होते. दोन्ही उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांमध्ये उलटं होतं. आणि हिब्रू शब्द एका दिशेनं, अंक दुसऱ्या दिशेनं वाचणाऱ्या इस्रायली लोकांमध्ये ठाम दिशाच दिसली नाही. म्हणजे दिशा बऱ्याच अंशी सवयीतून येते, आणि सवय लावता येते.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो २००२ मध्ये इटलीत रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासानं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाल्यावर काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातलं डावीकडचं अन्न तसंच राहतं, रेघेचा मध्य दाखवा म्हटलं तर ते फार उजवीकडे खूण करतात. झोर्झी आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना कागद, रेघ काहीही न दाखवता तोंडी विचारलं: दोन आणि सहा यांच्या बरोबर मध्ये काय? उत्तर आलं, पाच. साध्या बेरजा-वजाबाक्या त्यांना येत होत्या. पण मनातल्या रेघेचीही डावी बाजू हरवली होती. अंकांची रेघ ही केवळ शिकवण्याची सोय नसून मन खरोखर तिथे काहीतरी शोधत असतं, हे मला यापेक्षा स्पष्टपणे दुसऱ्या कशानं पटलं नाही.

आता तुमच्या मुलीच्या मानेकडे येऊ. २००८ मध्ये लोत्शर आणि सहकाऱ्यांनी लोकांना डोळे मिटून, मान तालात डावी-उजवीकडे वळवत, मनात येतील ते अंक बोलायला सांगितलं. मान डावीकडे असताना लहान अंक जास्त आले. पुढे त्यांनीच दाखवलं की पुढचा अंक आधीच्यापेक्षा मोठा येणार की लहान, हे तो उच्चारण्याआधीच डोळ्यांच्या हालचालीवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. २००९ मध्ये क्नॉप्स, देहान वगैरेंनी डोळे उजवीकडे किंवा डावीकडे वळवताना मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात काय घडतं याचा नमुना संगणकाला शिकवला. नंतर तोच संगणक, माणूस बेरीज करतोय की वजाबाकी, हे ओळखू लागला: बेरजेच्या वेळचं मेंदूतलं चित्र उजवीकडे नजर वळवण्याच्या चित्रासारखं होतं. तेव्हा तुमची मुलगी अठ्ठावीसमध्ये सात मिळवताना मान उजवीकडे नेत असेल, तर जे आपण मोठी माणसं आतल्या आत करतो तेच ती उघडपणे करतेय. तो तिचा आधार आहे. हात मांडीवर दाबून ठेवायला लावलं तर तिची अर्धी ताकद हात दाबण्यातच जाईल. मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो यांच्या प्रयोगांत, गणित समजावून सांगताना ज्यांना हातवारे करू दिले त्यांना त्याच वेळी इतर गोष्टी जास्त लक्षात ठेवता आल्या. हात हलला की डोक्यावरचा भार हलका होतो.

इथे एक इशाराही द्यायला हवा, कारण या विषयावर फार उत्साहानं लिहिलं जातं. यातले सगळे प्रयोग टिकलेले नाहीत. नुसता अंक दिसला तरी लक्ष आपोआप डावी-उजवीकडे सरकतं, असा २००३ चा एक गाजलेला निष्कर्ष होता. २०२० मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तो पुन्हा तपासला, तेव्हा तो टिकला नाही. आणि डावा हात लहान अंकाला किती लवकर उत्तर देतो, यावरून कुणाचं गणित किती चांगलं हे कळत नाही. व्यावसायिक गणितज्ञांमध्ये तर तो परिणाम इतरांपेक्षा फिका आढळलाय. म्हणून "डावा-उजवा मेंदू जागा करणारे" व्यायाम कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका. ज्याचा गणिताशी सातत्यानं संबंध दिसतो ती गोष्ट वेगळी आहे: रिकाम्या रेघेवर अंक योग्य जागी किती अचूक ठेवता येतो. आपल्याला काम करायचंय ते तिथे.

हे सगळं तुमच्या मुलीला किती लागू पडतं, हे मात्र काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या तुम्हीच घरी बघू शकाल. तिच्यासमोर चार चिंचोके ठेवा आणि लगेच झाका. न मोजता "चार" म्हणते का? सात मोठे की नऊ, हे बोटं न मोजता सांगते का? जवळजवळच्या अंकांना थोडा जास्त वेळ लागणारच. १९६७ मध्ये मॉयर आणि लँडाउअर यांनी दाखवलं की मोठ्या माणसांनाही दोन आणि नऊपेक्षा आठ आणि नऊ यांतला मोठा ओळखायला जास्त वेळ लागतो. पण आठ वर्षांच्या मुलीला सात-नऊसाठी एकपासून मोजावं लागत असेल, तर रेघेच्या खेळांबरोबर तज्ज्ञांकडून तपासणीही करून घ्या. डिसकॅल्क्युलिया म्हणजे गणितापुरती अध्ययन अक्षमता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि आठ वर्षं हे तपासणीला योग्य वय आहे. त्याआधी डोळे तपासून घ्या. वहीतल्या उभ्या मांडणीतले अंक एकमेकांत मिसळतात त्याचं कारण कधी नुसता चष्मा असतो. आणि मान टीव्ही बघताना, जेवताना, झोप आलेली असतानाही झटक्यानं हलत असेल, डोळ्यांची उघडझाप सोबत असेल, तर तो वेगळा विषय आहे, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

बोटांविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण शाळेचा सगळा रोख तिकडेच आहे. मेंदूच्या डाव्या पार्श्व भागाला इजा झाली की एक विचित्र चौकडी दिसू शकते: बोटं ओळखता येत नाहीत, डावं-उजवं कळत नाही, लिहिणं अडतं आणि हिशेब अडतो. योसेफ गेर्स्टमान या डॉक्टरांनी ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवली. लहान मुलांतही, डोळे मिटलेले असताना कुठल्या बोटाला स्पर्श झाला हे ज्यांना नीट सांगता येतं, त्यांची पुढची अंकगणिताची प्रगती बरी असते, असं मारी-पास्काल नोएल यांना २००५ मध्ये आढळलं. बोटं आणि अंक मेंदूत शेजारी राहतात असं म्हणायला हरकत नाही. पण कशी मोजायची यानं फरक पडतो. आपल्याकडे दोन पद्धती आहेत: अख्खी बोटं उघडत जायची, किंवा अंगठा पेरांवरून फिरवायचा. तुमची मुलगी आजीकडून पेरं शिकली असेल तर एक लक्षात घ्या. पेरं लांब मोजणीला उत्तम, एका हातावर बारा मावतात, आजी जप त्यावरच करते. पण पेरांवर सात "दिसत" नाहीत. अंगठा एका ठिकाणी थांबलेला दिसतो एवढंच. अख्ख्या बोटांवर सात म्हणजे एक पूर्ण पंजा आणि वर दोन. दहाला तीन कमी, हेही त्याच वेळी दिसतं. म्हणून मी आधी पंजे पक्के करून घेते आणि पेरं नंतर. "सात दाखव" म्हटल्यावर तिनं एक-एक बोट न उघडता एकदम पंजा आणि दोन बोटं वर केली पाहिजेत. हे जमलं की बोटं मोजणं आपोआप कमी होतं, कारण मोजायची गरज उरत नाही. बोटं सुटतात ती अशी, सक्तीनं नाही. सक्तीनं बंद केली तर मुलं टेबलाखाली मोजतात, किंवा जिभेनं दातांवर मोजतात, आणि मग ती नेमकी कशी चुकतात हे आपल्याला दिसेनासं होतं.

आता ७३ आणि ३७. इथे दोष मुलीचा कमी, आपल्या संख्यानामांच्या रचनेचा जास्त. "सदतीस" म्हणताना सात आधी ऐकू येतात, तीस नंतर. लिहिताना मात्र ३ डावीकडे आधी. कान एका दिशेनं जातो आणि हात दुसऱ्या. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांच्या अंकलेखनातल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलटापालटीच्या असतात, असं झुबर आणि सहकाऱ्यांना २००९ मध्ये दिसलं. त्याच २००९ नंतर दहा वर्षांनी आपल्याकडे बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं, आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा हेच सांगितलं होतं की लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम जुळला की मुलांना सोपं जातं. मी त्यांच्या बाजूची आहे, पण व्यवहारात सगळे "सदतीस"च म्हणणार, तेव्हा दोन्ही शिकवावं लागतं. तुम्ही इतकंच करा: संख्या सांगताना "सदतीस, म्हणजे तीस-सात" असं जोडून म्हणा. मुलीनं आधी तिसावर बोट ठेवायचं, मग सात पुढे जायचं, आणि मगच लिहायचं. काही आठवड्यांत ती स्वतःशी "तीस-सात" पुटपुटायला लागेल. पुटपुटू द्या.

आणि एकोणतीस! मराठी मुलांच्या वाटेतला हा सगळ्यात मोठा खड्डा. बोलताना तीस ऐकू येतं, लिहायचं असतं २९. बरीच मुलं ३९ लिहितात. पण तोच शब्द रेघेवर उभं राहून शिकवला तर सोपा होतो, कारण त्यात हालचाल आहे: तिसावर जा, एक पाऊल मागे ये. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळीकडे तीच हालचाल. पुढे पावणेदोन, पावणेतीनसुद्धा याच पावलानं समजतात. फक्त पाऊल पावाचं.

जाता जाता घरातले आकडेही एकदा नीट बघा. पट्टीवर अंक डावीकडून उजवीकडे जातात. उजळणीच्या पुस्तकात १ ते १० वरून खाली उतरतात आणि ११ शेजारच्या रकान्यात पुन्हा वर सुरू होतो. आपल्याकडच्या बऱ्याच भिंतीवरच्या दिनदर्शिकांतही वार डावीकडे उभे आणि तारखा वरून खाली. लिफ्टमध्ये मोठा अंक वर. घड्याळात गोल. आपल्याला याचा त्रास होत नाही, पण जिच्या मनात अजून एकही रेघ पक्की नाही, तिला हे गोंधळात टाकणारं आहे. यातली कुठलीच दिशा चुकीची नाही. पण आधी एक घर हवं, आणि देवनागरी वाचणाऱ्या मुलीसाठी डावीकडून उजवीकडे हे सगळ्यात सोयीचं घर.

इथवरचं थोडक्यात: मुलीला मोजता येतं, अंकांची जागा कच्ची आहे, मान आणि बोटं ही जागा शोधण्याची साधनं आहेत, आणि उलटं लिहिणं बरंचसं भाषेमुळे आहे. आता काय करायचं.

पहिलं काम फरशीवर. घरात फरशांची एक सरळ रांग निवडा, खडूनं ० ते १० लिहा. पण अंक फरशीच्या मधोमध लिहू नका, सांध्यावर लिहा. यामागे एक चूक आहे, जी मला जवळजवळ प्रत्येक मुलात दिसते. "पाचावर उभी आहेस, तीन पुढे जा" म्हटलं की मूल उभं असलेल्या जागेलाच "एक" म्हणतं आणि सातावर थांबतं. तेच मूल बोटांवर ५ + ३ करताना "पाच, सहा, सात" म्हणून सात लिहितं. शिक्षक म्हणतात, बोटांमुळे चुकलं. खरं तर ते जागा मोजतं, उडी मोजत नाही. सांध्यावर अंक असले की दोन अंकांमध्ये एक अख्खी फरशी येते आणि पाऊल टाकल्याशिवाय "एक" म्हणताच येत नाही. "उडी मोजायची, जागा नाही" हे वाक्य मी मुलांकडून म्हणवून घेते. तुमच्या मुलीची बेरीज-वजाबाकी नेहमी एकानंच चुकत असेल, तर उगम हाच आहे असं समजा.

चालण्याचा खरंच उपयोग होतो का? जर्मनीत लिंक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पहिलीच्या मुलांना जमिनीवरच्या रेघेवर चालत जाऊन अंकाची जागा दाखवायला लावलं, आणि शरीराची हालचाल नसलेल्या सरावापेक्षा काही बाबतींत त्याचा फायदा जास्त दिसला. जादू नाही, पण दिशा बरोबर आहे. मी स्वतः चालणं दुसऱ्या कारणासाठीही वापरते: पावलांचं अंतर पायांना कळतं. दोनपासून नऊ लांब आहे, हे सांगावं लागत नाही.

दुसरं काम दोरीवर. गॅलरीत एक दोरी सरळ बांधा. डाव्या टोकाला ० ची चिठ्ठी, उजव्या टोकाला १०० ची, कपड्यांच्या चिमट्यांनी लावून. मध्ये काही नाही. मग एक एक चिठ्ठी तिच्या हातात द्या: १०, ५०, ३७, ८०. "कुठे लावशील?" इथे फार महत्त्वाची गोष्ट दिसते. लहान मुलं १० ची चिठ्ठी जवळपास मध्यावर लावतात आणि ६०, ७०, ८०, ९० सगळे उजव्या टोकाला कोंबतात. त्यांच्या मनात लहान अंक ऐसपैस पसरलेले असतात आणि मोठे दाटीवाटीनं बसलेले. सीगलर आणि बूथ यांनी २००४ मध्ये दाखवलं की बालवाडीपासून दुसरीपर्यंत हळूहळू ही दाटी मोकळी होत जाते आणि अंक सारख्या अंतरावर येतात. १००० पर्यंतच्या रेघेवर तेच पुढच्या इयत्तांत घडतं. ब्राझीलमधल्या मुंडुरुकू आदिवासींनी, ज्यांच्या भाषेत मोठ्या संख्यांना नेमके शब्द नाहीत आणि ज्यांना शाळेचं गणित फारसं मिळालेलं नाही, त्यांनी मोठेपणीही अंक असेच मांडले. तो अभ्यास २००८ चा. म्हणजे दाटी हा आजार नाही, तो सुरुवातीचा नकाशा आहे. सारखं अंतर ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि आठव्या वर्षी ती शिकवायला मुळीच उशीर झालेला नाही.

चूक दिसली की चिठ्ठी तुम्ही सरकवू नका. विचारा: "अर्धं कुठे?" तिनं दोरी दुमडून मध्य काढायचा आणि तिथे ५० लावायचे. मग "पन्नासच्या अर्धे?", तिथे २५. मग ७५. आता पुन्हा ३७ ची चिठ्ठी द्या आणि गप्प बसा. ती २५ आणि ५० यांच्या मध्ये बघेल, मान हलवेल, हवेत बोट नेईल आणि लावेल. हे मान हलवणं तेव्हा तुम्हाला वेगळं दिसेल. रोज दहा मिनिटं पुरेत. जास्त केलंत तर ती कंटाळेल आणि तुम्ही चिडाल.

तिसरं, खेळ. सापशिडी चांगली, पण आधी नाही. त्यात १० नंतर ११ वरच्या ओळीत त्याच टोकाला येतो आणि ओळ उलट फिरते. जिची एक दिशा पक्की नाही तिला हे अवघड. त्याऐवजी पुठ्ठ्याची लांब सरळ पट्टी करा. रामानी आणि सीगलर यांनी अमेरिकेत गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर १ ते १० अशा सरळ पट्टीचा साधा सोंगटीचा खेळ खेळला, दोन आठवड्यांत चार छोट्या बैठका. अंकांची समज सुधारली आणि नऊ आठवड्यांनीही टिकून होती. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीनं तसं झालं नाही, आणि नंतरच्या प्रयोगात गोल पट्टीचाही सरळ पट्टीइतका उपयोग झाला नाही. तुमच्या मुलीसाठी पट्टी १०० पर्यंतची करा आणि एक नियम ठेवा: सोंगटी २४ वर आहे आणि फाशावर तीन पडले, तर "एक, दोन, तीन" नाही म्हणायचं, "पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" म्हणत सरकायचं. बालवाडीच्या मुलांवरच्या २०१४ च्या एका अभ्यासात याच फरकानं मोठा परिणाम घडवला, आणि माझ्याकडेही तो ठळक दिसतो. "एक, दोन, तीन" म्हणणारं मूल पट्टीवर कुठे आहे हे बघतच नाही.

अबॅकसबद्दल लोक फार टोकाचं बोलतात, म्हणून जे ठाऊक आहे तेच लिहिते. मनातला अबॅकस हेही जागा आणि हालचाल यांचंच कौशल्य आहे. शिकलेली मुलं हवेत बोटं हलवत मणी सरकवतात ते तुम्ही पाहिलं असेल. बार्नर आणि सहकाऱ्यांनी वडोदऱ्याच्या एका शाळेत तीन वर्षं मुलांची तुलना केली. तो अभ्यास २०१६ मध्ये आला. अबॅकस शिकलेल्यांचं अंकगणित सुधारलं, पण स्मरणशक्ती, बुद्धी वगैरे सर्वसाधारणपणे वाढल्याचं दिसलं नाही. आणि फायदा झाला तो मुख्यतः ज्यांची जागेची स्मृती सुरुवातीलाच बरी होती त्यांना. तुमच्या मुलीची नेमकी तीच बाजू आत्ता कच्ची आहे. शिवाय अबॅकसवर संख्या मण्यांच्या नक्षीत बसते; अडतीस चाळिसाच्या जवळ आहे हे त्यातून आपोआप कळत नाही. दोरीवरचं काम पक्कं झालं, तिला आवड वाटली, तर पुढच्या वर्षी जरूर पाठवा. आत्ता पाठवलंत तर आणखी एका ठिकाणी ती मागे पडेल, आणि ते तिच्या मनाला लागेल.

राहता राहिली शाळा. वर्गशिक्षिकांशी भांडू नका. साठ मुलांच्या वर्गात स्थिर बसायला सांगावंच लागतं. त्यांना एवढंच सुचवा की तिच्या बाकावर ० ते १०० ची एक कागदी पट्टी चिकटवू द्या, आणि बोटं वापरली म्हणून वर्गासमोर टोकू नका. बहुतेक शिक्षिका हे ऐकतात, कारण पट्टीचा उपयोग शेजारच्या मुलांनाही होतो. पट्टी किती दिवस ठेवायची असं त्यांनी विचारलं तर सांगा, तिनं बघणं सोडेपर्यंत.

दोरी बांधलीत की पहिल्याच दिवशी, काही शिकवण्याआधी, तिनं १०, ३७ आणि ८० कुठे लावले याचा फोटो काढून ठेवा आणि इथे टाका. चेहरा नको, फक्त दोरी. १० ची चिठ्ठी मध्याच्या किती जवळ गेली आणि ३७ च्या जागी ७३ गेली का, यावरून आधी अंतरावर काम करायचं की "तीस-सात"वर, हे मला नेमकं सांगता येईल.